परक्याच्या डोळ्यांनी पाहिलेले शहर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपले शहर परदेशी लेखकाने रंगवले की आपल्याकडे बहुधा दोनच प्रतिक्रिया उमटतात. त्याने स्तुती केली तर आपण फुशारतो. दैन्य दाखवले तर बदनामीची ओरड करतो. परक्या नजरेला काय दिसते आणि तिच्यातून काय निसटते, हे मात्र आपण तपासत नाही. यासाठी उदाहरणे मी मुद्दाम इंग्लंडमधील घेतो. साऱ्या जगाला सुधारणेचे धडे देणाऱ्या त्या देशातील शहरांची झडती परकीयांनीही घेतलेली आहे.

फ्लोरा त्रिस्तान या फ्रेंच लेखिकेचे लंडनवरील पुस्तक १८४० साली निघाले. तुरुंग, कारखाने, दरिद्री वस्त्या त्यांनी पायाखाली घातल्या. पार्लमेंटात स्त्रियांना मज्जाव होता, तेव्हा त्या तुर्की पुरुषाचा वेष करून आत गेल्या. एंगल्स १८४२ च्या अखेरीस मँचेस्टरला आले ते वडिलांची भागीदारी असलेल्या सूतगिरणीच्या कचेरीत काम शिकण्यासाठी. त्यांचा ग्रंथ १८४५ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्यातील एक निरीक्षण आजही विचार करायला लावते. हमरस्त्यांच्या दुतर्फा दुकानांच्या रांगा असल्यामुळे गिरणीमालक रोज शहरात ये-जा करीत असूनही मागच्या कामगारवस्तीचे त्याला दर्शन घडत नसे. दारिद्र्य केवळ उत्पन्न होत नव्हते, ते झाकण्याची व्यवस्थाही शहराच्या रचनेतच होती. जे मालकाला दिसत नव्हते आणि रहिवाशांच्या अंगवळणी पडले होते, ते नवख्या माणसाला दिसले.

परंतु नवखेपणा म्हणजे निर्दोष दृष्टी नव्हे. आयरिश मजुरांविषयी लिहिताना त्या काळच्या इंग्रजांचे पूर्वग्रह एंगल्स यांच्या लेखणीतही उतरले. अमेरिकन लेखक जॅक लंडन १९०२ साली, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, जुनेरे घालून लंडनच्या ईस्ट एंडमध्ये राहिले. निराधारांच्या आश्रयगृहासमोर ते इतरांबरोबर रांगेत उभे राहिले. मात्र आतल्या सदऱ्यात त्यांनी एक सोन्याचे नाणे शिवून ठेवले होते. शेजाऱ्यांना जो परतीचा मार्ग नव्हता, तो त्यांना होता. त्यांच्या १९०३ सालच्या पुस्तकात कळवळा आहे, संतापही आहे. पण भर आहे तो माणसांच्या अधःपतनावर. याच ईस्ट एंडमध्ये १८८८ साली आगकाड्यांच्या कारखान्यातील मुलींनी आणि १८८९ साली गोदी कामगारांनी संप करून विजय मिळवले होते. एंगल्स यांनी कामगार चळवळीसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यामुळे त्यांचा कामगार कीव करण्याचा विषय राहत नाही. तो इतिहास घडवणारा माणूस ठरतो. दोन्ही पुस्तकांतला खरा फरक इथे आहे.

आता मुंबईकडे वळू. विमानतळालगतच्या अण्णावाडीवर कॅथरीन बू या अमेरिकन पत्रकाराचे पुस्तक २०१२ साली आले. ही वस्ती ज्या भिंतीआड होती तिच्यावर चिरकाल सौंदर्याची ग्वाही देणारी फरशांची जाहिरात होती, आणि पुस्तकाचे नाव तीवरूनच आले. मँचेस्टरच्या दुकानांचे काम दीडशेहून अधिक वर्षांनी या भिंतीने केले. लेखिकेने काही वर्षे वस्तीत जाऊन-येऊन माणसांना बोलते केले आणि सरकारी कागदपत्रे मिळवून त्यांची हकिगत पडताळून पाहिली. हे कष्ट आपण घेतले असते तर ते आपल्याला कोणी नाकारले नसते.

साथींनो, परका लेखक पाहतो, लिहितो आणि निघून जातो. त्याचा राग धरण्यात अर्थ नाही, आणि त्याच्या पुस्तकावर विसंबून राहणे तर त्याहून चुकीचे. कार्यकर्ता त्याच गल्लीत राहतो. नळाला पाणी किती वेळ येते, खोलीचे भाडे कुणाच्या खिशात जाते, मजुरी कितीवर ठरली आणि हातात किती पडली, याची नोंद त्याने ठेवली पाहिजे. तिच्या शेजारीच लोकांनी कोणत्या अन्यायाविरुद्ध केव्हा एकजूट केली, हेही लिहून ठेवले पाहिजे. अशी एक तरी वही प्रत्येक शाखेत असावी, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.