आभाळाची वरची बाजू

आमच्या संग्रामपूरकडच्या माणसाला आभाळ खालून वाचता येतं. सातपुड्याच्या अंगानं काळं भरून आलं की वावरातली माणसं घराची वाट धरतात. शेजारच्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेची घटमांडणी असते, तिचं भाकीत लोक कान देऊन ऐकतात. कारण पेरणी उलटली की बियाण्याचा पैसा मातीत जातो. श्रोतेहो, याच आभाळाची वरची बाजू घरबसल्या कशी पाहता येते, ते आज सांगायचं आहे.

हवामानाचे काही उपग्रह आठशे-साडेआठशे किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांवरून फेऱ्या मारतात. जाता जाता खालचं चित्र रेडिओलहरींवर सोडत राहतात. ज्याला हवं त्यानं ते घ्यावं. त्यासाठी अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या कांड्या, संगणकाला जोडायचा बोटाएवढा रिसीव्हर आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढं पुरतं. उपग्रह क्षितिजावर कधी उगवेल हे सॉफ्टवेअर आधी सांगतं. मग दहा-बारा मिनिटं येणाऱ्या लहरींतून ओळीखाली ओळ मांडत चित्र उभं करतं आणि त्यावर किनारे, सीमा आखून देतं.

भाच्यानं आमच्या गच्चीवर हा खटाटोप केला तेव्हा मला चित्राआधी आवाजानं धरलं. अमेरिकेच्या ‘नोआ’ उपग्रहांचा संदेश घड्याळासारखा टिकटिकायचा. सेकंदाला दोन ओळी. ढग असे कानांनी ऐकता येतात, हे कविता लिहिणाऱ्याला कोण सांगणार! त्यांतला ‘नोआ-१५’ १९९८ साली दोन वर्षांच्या बोलीवर गेला आणि सत्तावीस वर्षं राबला. २०२५च्या ऑगस्टमध्ये तो बंद केला गेला, आणि ती टिकटिक संपली. आता रशियाचे ‘मेटिओर’ उपग्रह त्याच १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास चित्रं देतात. ‘सॅटडम्प’ नावाचं सॉफ्टवेअर ती उलगडतं. ‘नोआ’च्या त्या चित्रात एक ठिपका चार किलोमीटरचा होता, ‘मेटिओर’चा एक किलोमीटरचा आहे.

पण चित्र मिळालं म्हणून पाऊस कळला, असं नाही. अवरक्त चित्रात ढगाचा माथा जेवढा थंड, तेवढा तो पांढरा दिसतो. गडगडाटी ढगही पांढरा आणि उंचावरून कोरडाच निघून जाणारा पिंजलेला ढगही पांढरा. शिवाय हे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात. २२ जुलै २०२३ला संग्रामपूर-जळगाव जामोदकडे पूर आला, तसल्या पावसासाठी एवढी नजर पुरत नाही. तिथं ३६,००० किलोमीटरवरून सतत भारताकडे पाहणारे आपले ‘इन्सॅट’ उपग्रह आणि हवामान खात्याचा इशाराच ऐकायचा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी खात्याचा सल्ला कुठल्याही चित्रापुढे बाजूला ठेवायचा नाही.

मग घरी हे करायचं कशाला? वाचायला शिकण्यासाठी. तालुक्यातल्या एखाद्या शाळेनं जुना संगणक आणि गच्चीचा कोपरा द्यावा. मुलांनी वहीच्या एका पानावर दिवसाचं चित्र चिकटवावं, समोरच्या पानावर पर्जन्यमापकात किती पाणी साचलं ते लिहावं. दोन पावसाळे हे नेमानं झालं, तर कुठला पांढरा पाणी घेऊन येतो आणि कुठला नुसता मिरवून जातो, हे ती मुलं बापाला वावरात उभं राहून सांगू लागतील.