मोबाईल बंद करायची गरज नाही

चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या आपल्या गटांमध्ये एक मेसेज अधूनमधून फिरून येतो. आज रात्री साडेबारा ते साडेतीन घातक वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा. आपल्या कितीतरी घरांतलं माणूस त्या वेळी थर्ड शिफ्टला असतं. घरचे फोन बंद, तर अडीअडचणीला त्यानं हाक कुणाला मारायची? म्हणून आज आम्ही या किरणांबद्दलच बोलणार आहोत.

आकाशातून येणाऱ्या किरणांत गॅमा किरण फार जोरकस. एखादा प्रचंड तारा कोसळून त्याचं कृष्णविवर होतं तेव्हा त्यांचा झोत सुटतो. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. तो कधी, कुठून येईल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. मग साडेबाराची वेळ मेसेजवाल्याला कुणी कळवली?

हे झोत खरंच येतात, पण हवा त्यांना वरच्या वर अडवते. आपल्या डोक्यावर जेवढी हवा आहे तिचं वजन ३३ फूट खोल पाण्याइतकं भरतं. भरलेली विहीरच म्हणा ना! म्हणून गॅमा किरण पाहायचे तर यंत्र हवेच्या वर न्यावं लागतं.

आपल्या देशानं २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रह ६५० किलोमीटर उंचीवर सोडला. त्यावरच्या एका यंत्राच्या नोंदी इथे जवळच, पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत तपासतात. कंपनीत क्वालिटीला असणाऱ्या बायकांना हे काम चटकन कळेल. दर सेकंदाला किती किरण पडले ते मोजायचं, आकडा एकदम उसळला की थांबून बघायचं, आणि दुसऱ्या उपग्रहांनाही तेव्हाच तसं दिसलं का, ते ताडायचं. यंत्राचं तोंड भलतीकडे असलं तरी चालतं, कारण हे किरण त्याच्या बाजूच्या भिंतींतूनही आत शिरतात. ६ ऑक्टोबर २०१५ला यंत्र सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी एक स्फोट सापडला. २०२२ साली पाचशेवा.

त्याच वर्षी, ९ ऑक्टोबरला, आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी झोत आला. सुमारे २०० कोटी वर्षं प्रवास करून. वातावरणाच्या अगदी वरच्या थरात त्यानं खळबळ केली, जमिनीवर कुणाला काहीच जाणवलं नाही. वेळ संध्याकाळी पावणेसातची, आणि दिवस कोजागरीचा. आपण दूध आटवत होतो. फोन तर सगळ्यांचे चालूच होते, चंद्राचे फोटो कोण सोडतंय?