खेळते भांडवल

कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी कारखान्यांचे बॉयलर पेटले, की खेळत्या भांडवलाचा अर्थ ग्रंथांत शोधावा लागत नाही. ऊस चार-पाच महिन्यांत गाळला जातो. साखर मात्र वर्षभर विकली जाते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याचे पैसे १४ दिवसांत द्यायचे. विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजासह. म्हणून कारखाना गोदामातील साखर बँकेकडे तारण ठेवून उचल घेतो. साखरेचा भाव उतरला, की ही उचलही आटते. पोती गोदामात आणि ऊसकरी दारात! अशा वेळी कोट्यवधींची यंत्रे कामाची नाहीत. ती विकून उसाचे बिल भागवता येत नाही. आणि या फिरत्या पैशातून नवी इमारत बांधणे म्हणजे तर बियाणेच दळून खाणे. सभासदांनी ताळेबंद हाती येताच नफ्याच्या आकड्याआधी शिल्लक साखर आणि तिच्यावरील कर्ज पाहावे.