पाच एमबी म्हणाला, आणि सर्व्हर पाडला

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण पायथन येत नसेल तरी ऐका, मूळ गोष्ट हिशोबाचीच आहे.

मी बीटेक करून पुण्यात तीन वर्षं नोकरी केली, मग यवतमाळला परत आलो. इथलं माझं पहिलं मोठं काम म्हणजे एका जिनिंगवाल्याचं. कापसाच्या काट्याच्या पावत्या, पाच सीझनच्या, सगळ्या मिळून 6 लाख. कोणत्या शेतकऱ्याचं किती देणं बाकी आहे आणि कोणती पावती दोनदा चढली आहे, एवढाच रिपोर्ट हवा होता. सर्व्हर घेतला सगळ्यात स्वस्त, 1 जीबी रॅमचा, त्यावरच डेटाबेस. ऐन नोव्हेंबरात रिपोर्ट चालवला की स्क्रीनवर एकच शब्द यायचा: किल्ड. लिनक्सची मेमरी संपली की तो मोठा प्रोग्राम शोधून मारून टाकतो, तसंच.

इकडे मुनीमजींचा फोन. "भाऊ, तुमचं ते सॉफ्टवेअर काहून बंद पडून राह्यलं? लोकं चेकसाठी उभे आहेत ना इथं!" त्यांचं बरोबरच होतं. रिपोर्ट निघाल्याशिवाय ते चेक फाडणार नव्हते.

मी काय केलं, पायथनच्या सिस मॉड्यूलमधलं गेटसाइझऑफ वापरून पावत्यांची पूर्ण लिस्ट मोजली. उत्तर आलं साधारण 5 एमबी. म्हटलं, यात काय मरायचं? दोन दिवस मी डेटाबेसला शिव्या देत बसलो.

चूक मोजण्यात होती. लिस्टमध्ये पावत्या नसतातच, पावत्यांचे पत्ते असतात, प्रत्येकी 8 बाइटचे. 6 लाख गुणिले 8, झाले 48 लाख बाइट, वर थोडी राखीव जागा. म्हणजे मी गावातली घरं मोजायच्या ऐवजी घरपट्टीच्या रजिस्टरचं वजन केलं! गेटसाइझऑफ खोटं बोलत नाही, पण ते फक्त वरचं खोकं मोजतं, आत शिरत नाही.

आत काय होतं ते बघा. प्रत्येक पावती एक डिक्शनरी, आठ रकाने. माझ्या पायथन 3.10 वर तेवढ्या डिक्शनरीचं नुसतं खोकं साडेतीनशे बाइटच्या वर जातं. मग आतली नावं. रोमन अक्षरांत 'यवतमाळ' लिहिलं तर 8 अक्षरं, 57 बाइट. त्यात 49 बाइट हा नुसता सांगाडा, रिकाम्या स्ट्रिंगलाही तो लागतोच. देवनागरीत 'यवतमाळ' लिहिलं तर 86 बाइट. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, पण कानाही वेगळा मोजतात म्हणून सहा, प्रत्येकी 2 बाइट, आणि सांगाडा 74 चा. फाइलमध्ये यूटीएफ-8 मध्ये तेच नाव 18 बाइटचं असतं. त्यामुळे फाइलच्या साइझवरून मेमरीचा अंदाज बांधू नका. (3.12 पासून सांगाडा बारीक झालाय, तिथं आकडे कमी दिसतील.)

एक गंमत. 2012 च्या पायथन 3.3 पासून स्ट्रिंगमधलं सगळ्यात 'जड' अक्षर बाकीच्यांचा भाव ठरवतं. शेऱ्याच्या रकान्यात कुणी इंग्रजी वाक्याशेवटी एक इमोजी टाकली, की त्या वाक्यातलं प्रत्येक अक्षर 4 बाइटचं होतं. काट्यावरच्या पोराला अंगठ्याची इमोजी फार आवडायची, असो.

मग नीट मोजलं. ट्रेसमॅलॉक नावाचं मॉड्यूल पायथनसोबतच येतं, कोणत्या ओळीनं किती मेमरी घेतली ते सांगतं. ते स्वतःही मेमरी खातं, म्हणून आधी फक्त 10 हजार पावत्या वाचल्या. आल्या 9 एमबी. त्याचे साठ पट, 540 एमबी! तेव्हा कुठं डोकं शांत झालं.

पहिला उपाय इंटर्न. आपल्या जिल्ह्यात तालुके 16, पण सीएसव्ही वाचताना 'दारव्हा' जितक्यांदा येतो तितक्यांदा नवी स्ट्रिंग बनते. इंटर्न केलं की एकच प्रत राहते, बाकी सगळे तिचा पत्ता वापरतात. तालुका आणि गाव मिळून शंभरेक एमबी वाचले. तरी सर्व्हर मेलाच.

मग जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. 6 लाख पावत्या एकाच वेळी हातात धरायच्या कशाला? एक वाचायची, शेतकऱ्याच्या नावे बेरीज करायची, सोडून द्यायची. दुहेरी पावती पकडायला सीझन आणि पावती नंबर जोडून एक आकडा केला आणि तेवढाच सेटमध्ये ठेवला. आकडा 28 बाइटचा, जागा 32 ची घेतो. सेटसकट सगळं 40 एमबीच्या आत.

रात्री अकराला रिपोर्ट निघाला. दुहेरी पावत्या सापडल्या 212. मुनीमजींनी सकाळी एकेक वहीशी लावून पाहिली आणि दुपारपासून चेक द्यायला सुरुवात केली. मला फोन करून म्हणाले, "आता यात सोयाबीनही टाका."