कोठारापासून ताटापर्यंत



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या नावाने बोलताना विषय केवळ शोभेचा नसावा, म्हणून मी भुकेविषयी बोलायचे ठरविले. मी भाषेचा अभ्यासक, अर्थशास्त्राचा नव्हे. परंतु हा प्रश्न आपल्या साहित्याने फार पूर्वीच मांडून ठेवला आहे.

महिपतींच्या १७६२ मधील 'भक्तविजय' ग्रंथात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा येते. दुष्काळाने माणसे मरत होती आणि बादशहाची कोठारे भरलेली होती. दामाजींनी ती रयतेसाठी खुली केली. पुढे विठ्ठलाने स्वतः बेदरला जाऊन त्या धान्याची किंमत चुकती केली, अशी श्रद्धा आहे. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी कथेतले एक सत्य उरते. धान्य गावातच होते. धान्य आणि उपाशी माणूस यांच्यामध्ये उभे होते ते कुलूप. पुष्कळदा भूक ही धान्याच्या अभावातून येत नाही. कोठारापासून ताटापर्यंतच्या साखळीतली एखादी कडी तुटते आणि माणूस उपाशी राहतो. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

आपण बसलो आहोत तो हा कॅम्प. १८१८ मध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि कालांतराने येथे छावणी वसली. फौज पोटावर चालते. रेल्वे येण्यापूर्वी वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून सैन्यामागोमाग धान्य नेत. म्हणजे मनात आणले तर धान्य कुठेही पोचविता येते, हे राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही १८७६ ते ७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावर राबणाऱ्या माणसाचा शिधा दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्यावर आणला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध दाद मागितली. त्याच काळात हिंदुस्थानचा गहू जहाजांतून इंग्लंडला जातच होता. बेळगावला रेल्वे आली ती यानंतर सुमारे दहा वर्षांनी. पण केवळ रूळ टाकून पोट भरत नाही. धान्य भुकेकडे जात नाही, ते भावाकडे जाते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. निपाणीच्या तंबाखूच्या रानात राबणाऱ्या बाईला ते ग्रंथावाचूनही कळते. तंबाखूने चूल पेटत नाही. हाती मजुरी पडली, तरच घरात ज्वारी येते.

याच्या उलट दाखला १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळाचा. मे १९७३ मध्ये तेथे जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून हाती पैसा आला. जोडीला सुकडी होती, परदेशातून आलेली तांबडी मिलो होती. लोकांनी नाके मुरडली, पण शतकापूर्वीचा मृत्यूचा कहर टळला. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा उभा राहिला.

जे अन्नाचे, तेच औषधाचे. १८०२ मध्ये देवीची लस मुंबईस पोचली ती बगदाद, बसरा या वाटेने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर. एक दंड चुकता, तर साखळी तेथेच संपती. पुढे आपल्याच टिळकवाडीत, आजही व्हॅक्सिन डेपो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, ही लस तयार होऊ लागली. १९७५ मध्ये देशातील देवीची साथ संपली. याचे श्रेय लसीला आहेच; पण ती वाडीवस्तीवर नेणाऱ्या, घराघराची कडी वाजविणाऱ्या माणसालाही तितकेच आहे.

आज कोठारे भरलेली आहेत. २०१३ पासून अन्नसुरक्षेचा कायदाही आहे. दामाजींच्या काळी कोठाराला कुलूप होते. आज रेशन दुकानात अंगठा आहे. विड्या वळून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्र कधी कधी ओळखत नाही. केवळ या कारणाने धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ मध्ये बजावले आहे. परंतु हे त्या म्हाताऱ्या बाईला कोण सांगणार? ती पिशवी घडी करून निमूट परत फिरते आणि साखळी तिच्या उंबऱ्यापाशी तुटते.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपण डॉक्टर झालात, व्यापारी झालात, अधिकारी झालात. या शाळेला देणग्या देता, त्या अवश्य द्या. पण आपल्या गल्लीतले रेशन दुकान कोणत्या दिवशी उघडते, हेही ठाऊक करून घ्या. महिन्यातून एकदा त्या रांगेपाशी जाऊन उभे राहा. कुणी रिकाम्या पिशवीने परतत असेल, तर तिच्याबरोबर पुन्हा दुकानाची पायरी चढा आणि नियम काय आहे ते दुकानदाराला शांतपणे विचारा. दामाजीपंतांना त्यासाठी प्राण पणाला लावावे लागले होते. आपल्याला फक्त एक सकाळ खर्चावी लागेल.