अप्पाजींचे डोळे

मायबाप हो, पूर्वरंगात आपण डोळ्यांविषयी बोललो. दिसतंय तोवर विठोबाचं मुख पाहून घ्यावं, एवढंच आपलं बोलणं चाललं होतं. आता उत्तररंगात आख्यान लावतो ते एका राजाचं आहे, पण तेही डोळ्यांचंच आहे.

पंढरीच्या देवळात भानुदास महाराजांची समाधी आहे. नाथांचे पणजोबा. विजयनगरच्या राजाने आपला विठोबा तुंगभद्रेकाठी नेला आणि भानुदासांनी तो परत आणला, ही कथा तुम्ही आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. महिपतीबाबा त्या राजाला रामराजा म्हणतात, पुष्कळ कीर्तनकार कृष्णदेवराय म्हणतात. तो वाद आज नको. देव आपल्या घरी आला आणि आपण त्या राजाला विसरलो. त्या कृष्णदेवरायाच्या घरात काय चाललं होतं, ते आज बघू.

१५०९ साल. विजयनगरचा राजा वीरनरसिंह मरणाला टेकला. त्याचा मुलगा आठ वर्षांचा. आणि सावत्र भाऊ कृष्णदेवराय, वीस वर्षांच्या पुढचा, अंगापिंडाने तयार गडी. आता बापाच्या मनात काय येणार? तुम्हीच सांगा. बांधावर हातभर जमिनीसाठी आपण सख्ख्या भावाला कोर्टात उभं करतो. तिथे तर तुंगभद्रेपासून समुद्रापर्यंतचं राज्य होतं. त्याने प्रधानाला बोलावलं. प्रधानाचं नाव साळुव तिम्मरसू. राजा म्हणाला, माझ्या भावाचे डोळे काढ आणि मला आणून दाखव.

हे पुढे काही वर्षांनी विजयनगरात राहून गेलेल्या नूनिझ नावाच्या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. तो सांगतो, तिम्मरसूने कृष्णदेवरायाला घोड्यांच्या पागेत नेलं आणि हुकूम काय आहे तो सांगितला. तरुण पोरगा काय म्हणाला? मला राज्य नको, मी जोगी होऊन जगात कुठेही निघून जातो. तिम्मरसूने एक बकरी आणवली, तिचे डोळे काढले आणि ते तबकात... तबक माझं हो, कीर्तनकाराला तेवढी मुभा असते. ते डोळे राजाला दाखवले. राजा निश्चिंत होऊन मेला.

आणि कृष्णदेवराय गादीवर बसला. तो तिम्मरसूला अप्पाजी म्हणायचा, असं तिकडचे लोक सांगतात. अप्पा म्हणजे बाप. जन्म देणारा बाप वेगळा, हा दृष्टी देणारा बाप.

पण पागेत जोगी व्हायला निघालेल्या या माणसाने गादीवर बसल्यावर काय केलं? त्या आठ वर्षांच्या पुतण्याला आणि आपल्या भावांना चंद्रगिरीच्या किल्ल्यात ठेवलं. पुतण्या तिथेच वारला. डोळे कुणाचे काढले नाहीत, एवढं खरं.

पुढची वीस वर्षं म्हणजे वैभव, महाराज! ओरिसाच्या गजपतीला हरवलं, रायचूर जिंकलं. हंपीच्या विठ्ठल मंदिरात शंभर खांबांचा मंडप उभा केला. तिरुपतीला सात वेळा गेला. आणि स्वतः तेलुगूत ‘आमुक्तमाल्यद’ नावाचं काव्य रचलं. विष्णुचित्त नावाच्या भक्ताला तुळशीच्या बागेत एक मुलगी सापडते, तो तिला लेकीसारखी वाढवतो, तीच गोदा. देवासाठी ओवलेला हार ती आधी आपल्या गळ्यात घालून बघते आणि देवाला तोच हार आवडतो. पोटची नसलेल्या लेकीवर बाप किती जीव लावतो, हे या राजाला चांगलं कळत होतं. म्हणून पुढचं सांगताना जीभ अडते.

१५२४ च्या सुमारास राजाने आपल्या मुलाला, तिरुमलला, हयातीतच राज्याभिषेक केला. पोर सहा वर्षांचं. भाऊ चंद्रगिरीत जिवंत होते ना! वीरनरसिंहाची भीती आता याच्या उशाशी आली. आठ महिने उत्सव चालला, आणि त्या उत्सवातच मुलगा आजारी पडला आणि गेला.

ज्याचं लेकरू गेलंय त्याच्या कानात कुणी काय सांगावं याचा विचार करावा, बाबांनो. त्या वेळी माणसाला दुःख धरायला कुठेतरी जागा हवी असते, आणि सांगणारा ती जागा दाखवून मोकळा होतो. राजाच्या कानावर आलं की विष दिलं, आणि ते अप्पाजींच्या मुलाने दिलं. खरं काय ते पांडुरंगाला ठाऊक. राजाने अप्पाजींना, त्यांच्या भावाला, मुलाला बंदीत टाकलं. मुलगा निसटला, पुन्हा धरला गेला. मग मुलाचे डोळे काढले. आणि मग अप्पाजींना आणलं.

या वेळी पागेत नेऊन ‘पळून जा’ म्हणणारं कुणी नव्हतं. बकरी कुणी आणली नाही. ज्याने वीस वर्षांपूर्वी डोळे राखले होते, त्याचे डोळे त्याच राजाच्या हुकमाने गेले. तो मुलगा बंदीतच मेला.

१५२९ ला राजा गेला. मागे दीड वर्षाचं मूल होतं. गादी कुणाला दिली? ज्याच्यापासून राखली होती त्यालाच! चंद्रगिरीच्या किल्ल्यातला भाऊ अच्युतराय, त्याला आणून बसवलं.

तुम्ही तिरुपतीला जाल. रेटारेटी असते, पुढे चला पुढे चला म्हणतात. तरी महाद्वारातून आत शिरलात की क्षणभर बाजूला बघा. दोन राण्या, तिरुमलदेवी आणि चिन्नादेवी, आणि मध्ये तो राजा. तांब्याचा. हात जोडून उभा आहे. येणारा-जाणारा देवाकडे धावतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही बघा, आणि त्याच्या वतीने एकदा अप्पाजींचं नाव घ्या.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!