काकूंच्या वहीतलं पॅरिस

कामं उरकून बसलात ना? भाजी निवडत असाल तर निवडता निवडता ऐका.

दर वेळी मी बचतीबद्दल, कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलते. आज सहलीबद्दल बोलणार आहे, आणि तीही थेट पॅरिसच्या. हसू नका! आमच्या गटाच्या कोषाध्यक्ष काकू आणि त्यांचे यजमान, निवृत्त गुरुजी, मागच्या फेब्रुवारीत पाच रात्री पॅरिसला राहून आले. त्यांची तयारी मी जवळून पाहिली. ती ऐकण्यासारखी आहे.

लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण दोघं मिळून कुठे गेले नव्हते. पंढरपूर झालं, लग्नकार्यं झाली, तीही सगळी चार माणसांबरोबर. गुरुजींनी शाळेत वर्षानुवर्षं नकाशावर बोट ठेवून आयफेल मनोरा दाखवला. ते म्हणाले, "एकदा खरा बघू." काकूंनी पापड-मसाल्याच्या धंद्यातून आवर्ती ठेव साठवली होती. ती मुदतीला आली, तेव्हा घरातूनच आवाज आला, "या वयात कशाला? नातवाच्या नावावर टाका." काकू दोन दिवस गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, "ताई, गटात मी सगळ्यांना सांगते, बाईचा पैसा बाईच्या मर्जीनं. मग माझ्याच पैशाला मला कुणाला का विचारावं लागतंय?" निम्मे पैसे काकूंनी घातले आणि निम्मे गुरुजींनी. तीन लाखांच्या वर जायचं नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. कर्ज काढायचं नाही, हेही खाली लिहिलं. सहलीसाठी गटाचं कर्ज घ्यायचं नसतं, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न होता, जायचं कधी. नाताळात तिथे गर्दी असते आणि भाडी चढलेली असतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गर्दी कमी होते, खोल्याही स्वस्त मिळतात. थंडी मात्र असते. पारा साधारण तीन ते आठ अंशांत फिरतो, अधूनमधून पाऊस येतो. उजाडायला सव्वाआठ वाजतात आणि सहाच्या आत दिवस मावळतो. म्हणजे हातात उजेडाचे नऊ-साडेनऊ तासच असतात. म्हणून काकूंनी दिवसाला दोनच ठिकाणं धरली. एकमेकांजवळची ठिकाणं एका दिवशी, असा नियम केला.

आता कागदपत्रं. इथेच बहुतेकांची दमछाक होते. फ्रान्सला जायला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. काकूंनी सप्टेंबरातच सुरुवात केली. नवरा-बायकोचा अर्ज एकत्र नसतो. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, बोटांचे ठसे वेगळे. फी माणशी नव्वद युरो, केंद्राचं सेवाशुल्क त्यावर. एका युरोचे शंभराहून थोडे जास्त रुपये धरा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, दहा वर्षांपेक्षा जुना नको आणि दोन पानं कोरी हवीत. निदान तीस हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवासाचा वैद्यकीय विमा लागतो. शिवाय राहण्याची नोंदणी, रोजचा कार्यक्रम आणि बँकेचं खातेपत्रक जोडायचं.

काकूंचं इथेच अडलं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि बँकेत नुसतं काकूंचं नि गुरुजींचं नाव, आडनावच नाही. आधारावर तिसरीच तऱ्हा. ते सारखं करायला तीन आठवडे गेले. बायांनो, पॅरिस राहू द्या, पण आज घरी जाऊन आपले तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. उद्या विमा, वारसा, पेन्शन, सगळीकडे हेच आडवं येतं.

दुसरी गोष्ट. तालुक्याला एक एजंट भेटला. म्हणाला, "पंधरा हजार जास्त द्या, व्हिसाची हमी माझी." गुरुजी पाकीट काढायला निघाले. काकू म्हणाल्या, "द्यायला हरकत नाही. पावतीवर 'हमी' असं लिहून द्या." तो लिहीना. काकू उठल्या. अहो, पंधरा वर्षं गटाच्या पावत्या फाडणारी बाई! व्हिसा द्यायचा की नाही हे वकिलातच ठरवते, कुणी एजंट नाही. शेवटी फॉर्म अधिकृत संकेतस्थळावर मीच त्यांच्याबरोबर बसून भरला. खात्यात अचानक मोठी रक्कम भरायची नाही, असलेला व्यवहार तसाच दाखवायचा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढायचं नाही. खोलीही रद्द करता येईल अशीच धरायची. व्हिसा आला आणि मग मुंबईहून थेट विमानाचं तिकीट काढलं.

नंतर आली बांधाबांध. काकू नऊवारी नेसतात, ती सोडणार नव्हत्या. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर भाचीचा मागून आणलेला कोट आणि पायात मोजे-बूट. बूट घालून महिनाभर रोज पाझर तलावापर्यंत चालल्या. नवे बूट तिथे जाऊन पहिल्यांदा घालू नयेत, पायाला फोड येतात. खाण्याचं काय? दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. त्यामुळे पेढे, बर्फी, तूप घरीच राहिलं. ताजी फळं-भाज्याही नेल्या नाहीत. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या आणि संक्रांतीच्या तिळाच्या वड्या नेल्या. दशम्या दुधात नाही, गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या, बरं का. तिथे नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घ्याव्या लागत नाहीत. दुकानात शिरताना आधी "बोंजूर" म्हणायचं. न म्हणता काही मागितलं तर त्यांना ते उद्धट वाटतं. आपणही कुणाच्या दारात गेलो की आधी "आहात का घरात?" म्हणतोच की.

कार्यक्रम असा होता. गुरुवारी पोचून आराम. शुक्रवारी लूव्र. आधी राजाचा किल्ला, मग राजवाडा आणि 1793 पासून संग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं, शुक्रवारी रात्रीपर्यंत उघडं. सगळं बघायला गेलं तर आठवडा पुरणार नाही. यांनी मोनालिसा आणि आणखी दोन दालनं बघितली. मग आयफेल मनोरा. तो 1889 चा, उंची 330 मीटर. वर चढायचं तिकीट यांनी काढलंच नाही, समोरच्या त्रोकादेरोच्या चौथऱ्यावरून फुकट बघितला. अंधार पडल्यावर तो दर तासाला पाच मिनिटं लखलखतो. हिवाळ्याचा फायदा हाच, अंधार लवकर पडतो, त्यासाठी रात्र जागवावी लागत नाही.

गुरुजींचा गुडघा दुखतो आणि तिथल्या मेट्रोला जिने फार. म्हणून शक्य तिथे बस धरली. बसमध्ये जिना नाही आणि खिडकीतून शहरही दिसतं. खिसेकापूंपासून जपायला पैसे आणि पासपोर्ट काकूंनी पोलक्याच्या आतल्या कापडी पिशवीत ठेवले. त्याबाबतीत आपण आधीच हुशार!

शनिवारी नोत्र दाम. 2019 च्या एप्रिलमध्ये या चर्चला आग लागली होती. दुरुस्त होऊन ते 2024 च्या डिसेंबरात उघडलं. आत जायला पैसे लागत नाहीत. तिथून चालत पँथिऑन. देशातल्या थोर माणसांना तिथे ठेवलेलं आहे. मेरी क्युरी पोलंडहून शिकायला पॅरिसला आल्या, दोनदा नोबेल मिळवलं. स्वतःच्या कर्तृत्वावर तिथे जागा मिळालेली ती पहिली बाई, आणि तीही 1995 साली! नवऱ्याच्या शेजारीच आहेत. काकू तिथे बराच वेळ उभ्या होत्या.

रविवार मुद्दाम महिन्यातला पहिला निवडला होता. त्या दिवशी ओर्से संग्रहालय फुकट असतं, फक्त वेळ आधी नोंदवायची. ही इमारत म्हणजे 1900 सालचं रेल्वे स्टेशन. तिथे मिये नावाच्या चित्रकाराचं 1857 चं चित्र आहे. कापणी झालेल्या शेतात तीन बायका वाकून पडलेली कणसं वेचतायत. काकू मला सांगत होत्या, "ताई, मोनालिसासमोर नुसती गर्दी बघितली. इथे मात्र पायच हलेना. आईबरोबर मी असाच सरवा वेचायचे. दुसऱ्याच्या रानात, खाली मान घालून. यांना म्हटलं, अहो, ही बघा माझी आई." गुरुजी काही बोलले नाहीत. तिथल्या बाकावर दोघं बसून राहिले. पस्तीस वर्षांत हे त्यांनाही माहीत नव्हतं.

सोमवारी पेर लाशेज दफनभूमीत गेले, कारण गुरुजींना जेआरडी टाटांची समाधी बघायची होती. जेआरडी 1904 साली पॅरिसलाच जन्मले होते. मंगळवारी परत. खर्च तीन लाखांच्या आत बसला. वहीत पै-पैचा हिशेब आहे.

एक गोष्ट मी वाचली, ती काकूंना आल्यावर सांगितली. फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय स्वतःचं बँक खातं उघडता यायला 1965 सालचा कायदा यावा लागला. एवढ्या पुढारलेल्या देशात! काकू म्हणाल्या, "म्हणजे त्यांनाही भांडावंच लागलं." आणि पासबुक नीट कपाटात ठेवलं.

मैत्रिणींनो, सगळ्यांनी पॅरिसला जावं असं मी म्हणत नाही. अजिंठा असेल, कोकणातला समुद्र असेल. पण वहीचं एक पान आपल्या नावाचं ठेवा. महिन्याला शंभर रुपये टाका. रक्कम ठरवा, तारीख ठरवा, कागद सारखे करा. आणि ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं त्यांच्याबरोबर चार दिवस निवांत बसा. काय सांगावं, त्यांना अजून माहीत नसलेलं काहीतरी तुमच्याकडून निघेल.

पुढच्या वेळी पुन्हा हप्त्यांबद्दल बोलूच. तोवर नमस्कार.